पीअर-टू-पीअर व्हिडिओ-ऑन-डिमांड: संसाधनवाटपाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीअर-टू-पीअर व्हिडिओ-ऑन-डिमांड म्हणजे हवा तेव्हा पाहायच्या चित्रपटाचे तुकडे सर्व्हरबरोबरच प्रेक्षकांच्या उपकरणांनीही (पीअर) एकमेकांना पुरवणे. उत्तरांमध्ये उदाहरण म्हणून सगळीकडे एकच चित्रपट घेतला आहे: २ तासांचा, ४ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) बिटरेटचा, म्हणजे सुमारे ३.६ जीबीचा. आकडे मुद्दाम गोल ठेवले आहेत. आपले आकडे घालून गणित पुन्हा करावे.

१. यात वाटायचं काय असतं? ‘संसाधनं’ म्हणजे नेमकी कोणती?

पीअरची अपलोड बँडविड्थ, पीअरची डिस्क, सर्व्हरची बँडविड्थ आणि प्रत्येक तुकडा पोहोचण्याची मुदत. यांतला अपलोड जवळजवळ नेहमीच अपुरा असतो, कारण बऱ्याच घरगुती जोडण्यांचा अपलोड डाउनलोडपेक्षा कमी असतो. डिस्क स्वस्त आहे, पण डिस्कवर काय ठेवले आहे यावरून तो अपलोड कुणाच्या उपयोगी पडणार हे ठरते. एखाद्याकडे ५ एमबीपीएस अपलोड मोकळा असला आणि हवा असलेला तुकडा नसला, तर तो अपलोड नसल्यातच जमा. म्हणून कॅशे (पीअरच्या डिस्कवरचा साठा), शेजारी (तो ज्यांच्याशी जोडलेला आहे ते पीअर), विनंतीचा क्रम असे वेगवेगळे दिसणारे निर्णय मुळात एकाच प्रश्नाची उत्तरे आहेत: मोकळा अपलोड योग्य जागी, वेळेत कसा लावायचा? जे जमत नाही ते सर्व्हर भरून काढतो. त्यामुळे वाटप किती चांगले चालले आहे याचे सर्वांत प्रामाणिक मोजमाप म्हणजे सर्व्हरचा वाटा.

२. टॉरेंटमध्येही ‘क्रमाने उतरवा’ असा पर्याय असतो. मग वेगळी यंत्रणा कशाला?

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये आणलेल्या बिटटॉरेंट या फाइल वाटण्याच्या पद्धतीची ताकद ‘सर्वांत दुर्मिळ तुकडा आधी’ या नियमात आहे. सगळ्यांकडे वेगवेगळे तुकडे असतात, म्हणून देवाणघेवाण होते. सगळ्यांनी क्रमाने मागायला सुरुवात केली की ही विविधता संपते. ४० व्या मिनिटावर असलेला प्रेक्षक १० व्या मिनिटावरच्याला देऊ शकतो, पण १० व्या मिनिटावरच्याकडे त्याला देण्यासारखे काहीच नसते. प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि नुकत्याच आलेल्यांचा अपलोड पडून राहतो. थेट प्रक्षेपणात सगळे जवळपास एकाच क्षणावर असतात. इथे प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी असतो, हीच मुख्य अडचण. यावरची तडजोड प्रश्न ६ मध्ये आहे.

३. सर्व्हरला किती बँडविड्थ लागेल, याचा अंदाज कसा काढायचा?

एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या गुणिले बिटरेट, वजा पीअरांकडून मिळणारा अपलोड. बहुतेकांचे गणित या दुसऱ्या आकड्यात चुकते.

१,००० प्रेक्षक धरू. मागणी ४,००० एमबीपीएस. त्यांपैकी ३०० जणांचा अपलोड १० एमबीपीएस, ५०० जणांचा २ एमबीपीएस आणि उरलेले २०० मोबाइल डेटावर, म्हणून त्यांचा शून्य. बेरीज ३,००० अधिक १,००० म्हणजे ४,००० एमबीपीएस. कागदावर हिशोब तंतोतंत जुळतो आणि सर्व्हर लागणारच नाही असे वाटते. पण घरातल्या इतर वापरासाठी निम्मा अपलोड सोडावा लागतो (प्रश्न १२), म्हणजे उरले २,०००. त्यातलाही काही भाग, समजा २० टक्के, ‘अपलोड आहे पण हवा तो तुकडा नाही’ यात वाया जातो. हाती आले १,६००. सर्व्हरला २,४०० एमबीपीएस, म्हणजे ६० टक्के भार उचलावा लागेल.

२००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांसह झालेल्या एका अभ्यासात एमएसएन व्हिडिओच्या नोंदी वापरून तीन अवस्था सांगितल्या होत्या: अपलोडची शिल्लक, तोल आणि तूट. शिल्लक असताना सर्व्हरचा भार फार कमी असतो आणि तुटीत तो वरच्या सूत्राने काढता येतो. फसवी अवस्था तोलाची. सरासरी जुळत असते, पण दर काही मिनिटांनी कमी अपलोडवाले जास्त येतात किंवा दोन-चार दमदार पीअर निघून जातात आणि सर्व्हरवर एकदम भार येतो. म्हणून तोलाजवळ असाल तर सूत्राच्या उत्तरावर विसंबू नका, वर मोकळी क्षमता ठेवा.

आणखी एक गोष्ट. बँडविड्थचे बिल अनेकदा ९५ व्या शतमानावर लागते, म्हणजे महिन्यातल्या सर्वांत जड ५ टक्के वेळा सोडून उरलेल्यांतला सर्वोच्च आकडा धरतात. त्यामुळे पहाटे वाचवलेल्या बँडविड्थने बिल कमी होत नाही. सर्व्हरचा वाटा गर्दीच्या तासात मोजा. दिवसाची सरासरी दिलासा देते, पैसे वाचवत नाही.

४. प्रत्येक पीअरकडून किती डिस्क मागावी? तुकडा किती मोठा ठेवावा?

पीपीलाइव्ह या चिनी व्हिडिओ सेवेच्या व्हिडिओ-ऑन-डिमांड यंत्रणेचा तपशील २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे प्रत्येक पीअरकडून १ जीबी घेतली जाई. साठवण्याचे आणि ‘माझ्याकडे हे आहे’ असे जाहीर करण्याचे एकक २ एमबी, प्लेअरला देण्याचे १६ केबी आणि जाळ्यावरून पाठवण्याचे १ केबी होते. आकड्यांपेक्षा त्यामागची विभागणी उचलण्याजोगी आहे. जाहीर करायचे एकक लहान ठेवले तर नकाशे (पीअरकडे कोणते तुकडे आहेत याच्या याद्या) जड होतात, पाठवायचे एकक मोठे ठेवले तर एक पॅकेट हरवले तरी बरेच काही पुन्हा मागावे लागते.

आपल्या चित्रपटाचे २ एमबीचे १,८०० तुकडे होतात. प्रत्येकाला एक बिट धरला तर पूर्ण नकाशा २२५ बाइटांत मावतो, तो दर काही सेकंदांनी पाठवला तरी हरकत नाही. प्रत्येक तुकड्याला एसएचए-२५६ हॅशचे (तुकड्याच्या डेटावरून काढलेल्या ओळखसंख्येचे) ३२ बाइट धरले तर पडताळणीची यादी ५७,६०० बाइटांची होते, तीही सुरुवातीलाच देता येते. १ जीबीमध्ये मात्र या चित्रपटाचा जेमतेम २८ टक्के भाग बसेल. शक्य असेल तिथे ५ ते १० जीबी मागा, पण वापरकर्त्याला स्पष्ट सांगून, आणि मर्यादा बदलायची सोय देऊन.

५. कॅशे भरली की काय काढायचं? सर्वांत जुनं वापरलेलं काढलं तर चालत नाही का?

चालते, पण महागात पडते. ‘सर्वांत जुने वापरलेले आधी काढा’ हा नियम फक्त त्या एका संगणकाचा विचार करतो. परिणामी सगळ्यांकडे गाजलेल्या चित्रपटाच्याच प्रती साठतात आणि मधल्या फळीतले चित्रपट सर्व्हरवर पडतात.

त्याऐवजी पुरवठा भागिले मागणी हे गुणोत्तर वापरा: ऑनलाइन प्रती भागिले आत्ता पाहणारे. ‘अ’चे ४०० प्रेक्षक आणि ३०० प्रती, गुणोत्तर ०.७५. ‘ब’चे २० प्रेक्षक आणि ८० प्रती, गुणोत्तर ४. ‘क’चे २ प्रेक्षक आणि १ प्रत, गुणोत्तर ०.५. काढायचा तो ‘ब’, जरी तो काल रात्रीच पाहिलेला असला तरी. पीपीलाइव्हने जुन्या नियमावरून अशा वजनदार मापावर आल्यावर सर्व्हरचा वाटा १९ टक्क्यांवरून ७ ते ११ टक्क्यांच्या दरम्यान उतरल्याचे नोंदवले आहे.

तीन खबरदाऱ्या. प्रती मोजताना पीअरची मुंडकी मोजू नका, त्यांचा वापरता येणारा अपलोड मोजा. मोबाइलवरच्या ३०० प्रतींची किंमत शून्य आहे. दुसरे, सगळ्या पीअरांना एकाच क्षणी तेच गुणोत्तर कळवले तर सगळे एकदम ‘ब’ काढतात आणि दहा मिनिटांत ‘ब’ दुर्मिळ होतो. म्हणून काढण्याचा निर्णय संभाव्यतेने घ्या किंवा माहिती थोडी मागेपुढे पोहोचू द्या. तिसरे, एखाद्या चित्रपटाचे अधलेमधले तुकडे काढू नका, निवडलेला चित्रपट पूर्ण काढा. भोके पडलेल्या प्रतीमुळे शेजारी सारखे बदलावे लागतात.

‘क’सारख्या तुरळक पाहिल्या जाणाऱ्या चित्रपटांच्या मागे फार लागू नका. त्यांची यादी लांबलचक असते, प्रत्येकाचा भार नगण्य असतो. ते सर्व्हरवरच बरे.

६. प्लेअरने पुढचा कुठला तुकडा मागावा?

बफरचे (पाहण्याआधी आणून ठेवायच्या भागाचे) तीन पट्टे करा. पुढचे साधारण १० सेकंद तातडीचे: इथला तुकडा मुदतीच्या २-३ सेकंद आधीपर्यंत पीअरकडून आला नाही तर थेट सर्व्हरकडे जा. त्यापुढचे १० ते ६० सेकंद क्रमाने, पण फक्त पीअरांकडून. त्याच्याही पुढे दुर्मिळ आधी. तिसऱ्या पट्ट्यामुळेच प्रेक्षकाकडे इतरांना देण्यासारखे काही तयार होते.

पट्ट्यांमध्ये विनंत्या कशा विभागायच्या यासाठी संभाव्यता वापरतात: दर विनंतीला सुमारे ०.८ शक्यतेने जवळचा तुकडा आणि ०.२ ने लांबचा. बफर रिकामा होऊ लागला तर पहिला आकडा १ कडे न्या, भरलेला असेल तर उतरवा. सुरुवातीच्या काही सेकंदांचा भाग मात्र सर्व्हरकडूनच घ्यावा. शेजारी शोधण्यात आणि जोडणी होण्यात जाणारा वेळ तेवढ्यात निभावून जातो.

७. एकाच वेळी किती शेजारी ठेवावेत, आणि प्रत्येकाकडे किती विनंत्या पाठवाव्यात?

पीपीलाइव्हच्या अनुभवात ५०० केबीपीएसच्या प्रवाहाला ८ ते २० शेजारी पुरत. जास्त घेतले की वेग थोडा वाढतो, पण तोच तुकडा दोनदा येण्याचा धोकाही वाढतो. बिटरेट मोठा असला म्हणून संख्या त्याच पटीत वाढवू नका, चांगले शेजारी निवडा.

विनंत्यांचे माप वेग गुणिले फेरीचा (विनंती जाऊन उत्तर येईपर्यंतचा) वेळ. शेजारी ४ एमबीपीएस देत असेल आणि फेरीला १०० मिलिसेकंद लागत असतील तर वाटेत ५० केबी मावतात, म्हणजे १६ केबीचे तीन-चार ब्लॉक. त्याच्या दुप्पट, सहा ते आठ विनंत्या लावून ठेवा. वीस लावल्या तर तो शेजारी मंदावल्यावर वीस ब्लॉक अडकून बसतात. दर काही सेकंदांनी सर्वांत संथ शेजाऱ्याच्या विनंत्या कमी करून वेगवानाच्या वाढवत राहा.

८. एकाच पीअरकडे पाच जणांनी मागितलं तर अपलोड कसा वाटायचा?

समान वाटू नका. १ एमबीपीएसचे पाच भाग केले तर पाचही जणांना उशीर होऊ शकतो. ज्याची मुदत जवळ आहे त्याला आधी द्या, पण ज्याची मुदत आता गाठताच येणार नाही त्याला लगेच नकार द्या. तात्काळ नकार मिळाला तर तो दुसरीकडे किंवा सर्व्हरकडे वळू शकतो. उशिरा आलेला तुकडा म्हणजे वाया गेलेला अपलोड. विनंतीसोबतच ‘किती मिलिसेकंदांत हवा’ हा आकडा पाठवण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये ठेवा.

दोन वेगवेगळ्या चित्रपटांच्या विनंत्या आल्या आणि मुदती सारख्याच असल्या, तर ज्या चित्रपटाचे गुणोत्तर (प्रश्न ५) कमी, त्याला प्राधान्य.

९. फुकट्या प्रेक्षकांना आळा कसा घालायचा? ‘दे, मग घे’ वापरू का?

बिटटॉरेंटमध्ये दर १० सेकंदांनी कोणाला द्यायचे ते ठरते आणि दर ३० सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी मिळते. इथे तो नियम जसाच्या तसा लावला तर मागून आलेल्या प्रेक्षकाची उपासमार होते, कारण परतफेड करायला त्याच्याकडे काही नसते (प्रश्न २). नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या संशोधकांनी सुचवलेला उपाय असा: त्याने मला किती दिले हे न पाहता, मी दिलेले त्याने पुढे किती जणांना दिले हे पाहा, आणि ते त्याच्याकडून नव्हे तर घेणाऱ्यांकडून विचारा.

तुमचा क्लायंट (प्रेक्षकाकडचे अ‍ॅप) बंदिस्त असेल तर याहून सोपे काहीतरी पुरते: अपलोड हा अ‍ॅपचा भागच असतो आणि तो रोखणाऱ्याला पीअरांऐवजी सर्व्हरकडून, कमी प्राधान्याने मिळते. मात्र अपलोड न देणारा प्रत्येक जण लबाड नसतो. मोबाइल डेटावर, बॅटरीवर किंवा अडवणाऱ्या राउटरमागे असलेल्याला शिक्षा करून मिळत काहीच नाही.

१०. प्रेक्षक पुढेमागे उड्या मारतो तेव्हा सगळं कोसळतं. काय करावं?

उडी मारताच आधीच्या जागेच्या विनंत्या रद्द करा. हे विसरल्याने शेजाऱ्यांचा अपलोड नको असलेल्या तुकड्यांवर जात राहतो, आणि ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. पट्टी ओढली जात असताना विनंत्या पाठवू नका. बोट थांबल्यावर ३०० ते ५०० मिलिसेकंद वाट पाहा. नव्या जागेचे पहिले ४ ते ८ सेकंद सर्व्हरकडून घ्या आणि तेवढ्यात शेजाऱ्यांचे नकाशे पाहून त्या भागातले पीअर निवडा. जुने शेजारी तोडू नका, प्रेक्षक पुष्कळदा परत येतो.

उडी जवळच्या की-फ्रेमवरच (आधीच्या फ्रेमशिवाय दाखवता येते अशा फ्रेमवर) उतरवा. आणि एमपी४ फाइलची सूची शेवटी असेल तर ती आधी पुढे आणा, नाहीतर कुठल्या सेकंदाचा कुठला तुकडा हेच क्लायंटला कळत नाही.

११. नवा चित्रपट येताच हजारो लोक एकदम येतात. तेव्हा पीअर असूनही सर्व्हर का कोलमडतो?

कारण सगळे सुरुवातीलाच आहेत आणि देण्यासारखे कोणाकडेच नाही. १ एमबीपीएस अपलोडने २ एमबीचा तुकडा पुढे द्यायला १६ सेकंद लागतात. सर्व्हरने १० प्रती दिल्या आणि त्या दर १६ सेकंदांनी दुप्पट झाल्या, तर १०,००० जणांपर्यंत जायला दहा दुपटी, म्हणजे १६० सेकंद. तो तुकडा मात्र पडद्यावर ४ सेकंदांत संपतो.

पूर्ण तुकडा मिळण्याची वाट न पाहता १६ केबीचा ब्लॉक मिळताच पुढे ढकलला तर प्रत्येक पायरी ०.१३ सेकंदांवर येते. त्यासाठी ब्लॉकपातळीवर पडताळणी हवी, नाहीतर दूषित डेटा तितक्याच वेगाने पसरेल. हॅशचे झाड (ब्लॉकांचे हॅश जोडत जाऊन एकच मूळ हॅश काढणारी रचना) वापरा. बिटटॉरेंटच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची पाने १६ केबीचीच आहेत. यामुळे पसरण्यातला विलंब जातो, अपलोडची तूट जात नाही. ती प्रश्न ३ प्रमाणे सर्व्हरनेच भरायची. अशा वेळी अपवाद म्हणून सर्व्हरने मधल्या पट्ट्यातही (प्रश्न ६) वेगवेगळ्या पीअरांना वेगवेगळे तुकडे द्यावेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे आदल्या रात्री, चांगला अपलोड असलेल्या पीअरांवर एन्क्रिप्ट केलेले तुकडे पेरून ठेवणे.

१२. हे चालू केलं की घरातलं बाकी इंटरनेट मंद होतं. का?

अपलोड काठोकाठ भरला की राउटरच्या रांगेत पॅकेट साचतात. त्याच रांगेत तुमच्या डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात, म्हणून डाउनलोडही मंदावतो. स्वतःचाच व्हिडिओ थांबतो तो यामुळे. अपलोडवर मर्यादा घाला. मोजलेल्या वेगाच्या निम्म्यापासून सुरुवात करा.

२०१२ च्या आरएफसी ६८१७ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजातली लेडबॅट ही पद्धत रांगेतला विलंब मोजते आणि तो जास्तीत जास्त १०० मिलिसेकंदांच्या लक्ष्यापुढे जाऊ लागला की माघार घेते. स्वतंत्र अ‍ॅपमध्ये ती वापरता येते. ब्राउझरांना एकमेकांशी थेट जोडणाऱ्या वेबआरटीसीच्या डेटा चॅनेलवर ती तुमच्या हाती नसते, तिथे मर्यादा तुमच्या कोडनेच पाळायची.

१३. बऱ्याच पीअरांची जोडणीच होत नाही. टर्न सर्व्हर लावू का?

व्हिडिओसाठी नको. टर्न म्हणजे दोन पीअरांमधला डेटा स्वतःमधून पुढे पाठवणारा सर्व्हर. त्यातून जाणारा प्रत्येक बाइट तुमच्या सर्व्हरवर एकदा आत येतो आणि एकदा बाहेर जातो. त्यापेक्षा तोच तुकडा सर्व्हरवरून थेट देणे स्वस्त. स्टन (पीअरला त्याचा बाहेरून दिसणारा पत्ता सांगणारा सर्व्हर) पुरेसा आहे. दोन्ही बाजूंना सिमेट्रिक नॅट (प्रत्येक नव्या ठिकाणासाठी बाहेरचा पत्ता-पोर्ट बदलणारा राउटर) असेल तर जोडणी बहुधा होणारच नाही. तो पीअर गणितातून वगळा आणि त्याचे नाव शेजाऱ्यांच्या यादीत वारंवार पाठवू नका. अपयशी प्रयत्नांत जाणारे सेकंदच सुरुवातीला महाग पडतात.

१४. एकाच इंटरनेट कंपनीचे पीअर जोडले तर बरं ना?

हो, पण सगळेच नाही. दहांतले सात-आठ जवळचे आणि दोन-तीन कुठलेही ठेवा. सगळे जवळचे केले तर स्वॉर्मची (एकाच चित्रपटाच्या पीअरांच्या समूहाची) बेटे होतात आणि एका बेटावर नसलेला तुकडा शेजारच्या बेटावर भरपूर असूनही सर्व्हरकडून येतो. लहान स्वॉर्मला हा नियम लावूच नका.

१५. बिटरेट आपोआप बदलणारा प्लेअर आहे. त्यात पीअर जोडल्यावर गुणवत्ता सारखी वरखाली होते.

पीअरकडून आगाऊ आलेला सेगमेंट (व्हिडिओचा काही सेकंदांचा भाग) प्लेअरला स्थानिक साठ्यातून काही मिलिसेकंदांत मिळतो. प्लेअरला वाटते जाळे अफाट वेगवान आहे, तो वरची पायरी (जास्त बिटरेट) मागतो, तिचे तुकडे साठ्यात नसतात, सर्व्हरकडे धाव जाते, वेग पडतो आणि तो पुन्हा खाली येतो. वेग मोजणाऱ्या भागाला साठ्यातून देण्याचा वेळ देऊ नका, जाळ्यावरून येताना प्रत्यक्षात लागलेला वेळ द्या.

पायऱ्याही कमी ठेवा. प्रत्येक पायरी म्हणजे वेगळा स्वॉर्म. १०० प्रेक्षक सहा पायऱ्यांत विभागले तर कुठल्याच पायरीवर पुरेसे पीअर उरत नाहीत.

१६. डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) असेल तर पीअर वापरता येतात का?

येतात. एन्क्रिप्ट केलेले सेगमेंट सगळ्यांसाठी सारखेच असतात, किल्ली प्रत्येकाला परवाना सर्व्हरकडून मिळते. अपवाद एक: प्रत्येक प्रेक्षकासाठी वेगळा छुपा ठसा असलेले सेगमेंट. दोन प्रकारच्या सेगमेंटांची मिसळ करून ठसा उमटवत असाल तर स्वॉर्म निम्मा होतो, आणि कोणाकडे कुठला प्रकार आहे हे नकाशात दिसल्याने ठसाच उघडा पडू शकतो.

१७. सर्व्हरचा वाटा अचानक वाढला. आधी काय तपासू?

या क्रमाने: नवी आवृत्ती गेल्यावर कॅशे पुसली गेली का, एन्कोडिंग बदलून हॅश बदलले का (जुन्या प्रती तेव्हा निरुपयोगी होतात), ट्रॅकर (पीअरांची यादी देणारा सर्व्हर) गेलेल्या पीअरांची नावे देतोय का, मोबाइल प्रेक्षकांचे प्रमाण वाढले का. हे सगळे ठीक असेल तर सर्व्हरकडे आलेल्या विनंत्यांचे कारण नोंदवा: तुकडा कोणाकडेच नव्हता, होता पण नकार आला, की मुदत हुकली. पहिल्याचा इलाज प्रश्न ५ मध्ये, दुसऱ्याचा ३ आणि ८ मध्ये, तिसऱ्याचा ६ व ७ मध्ये. हे तीन आकडे वेगळे न ठेवणारी यंत्रणा दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते.

१८. पीअर-टू-पीअर वापरूच नये असं कधी?

व्हिडिओ एक-दोन मिनिटांचे असतील तर. जोडण्या जुळेपर्यंत बराचसा भाग संपलेला असतो. बहुतेक प्रेक्षक मोबाइल डेटावर असतील तर. संग्रह मोठा पण एका शीर्षकाला एकाच वेळी दोन-तीनच प्रेक्षक असतील आणि क्लायंट ब्राउझरमध्ये चालत असेल तर, कारण तिथे टॅब बंद होताच त्या पीअरचा अपलोडही जातो. आणि प्रेक्षकांचा आयपी पत्ता इतर प्रेक्षकांना दिसणे मान्य नसेल तर. हे शेवटचे वाटप कितीही चांगले केले तरी सुटत नाही.